अमेरिकेत येताना मुलांची जुनी प्रगतिपुस्तकं बरोबर आणा

‘मुलाचं वर्गात लक्ष नसतं’ अशी शाळेची ईमेल आली की आपल्याकडचे आईबाप आधी विचारतात, स्कॅन कुठे करायचा? शंका असते एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांच्या विकाराची. पण तो दाखवणारा स्कॅन नाही, रक्ततपासणीही नाही. इथले बालरोगतज्ज्ञ हातात दोन फॉर्म ठेवतात, एक पालकांचा, एक शिक्षकांचा. बहुतेकदा व्हँडरबिल्ट नावाच्या प्रश्नावलीचे.

पालकांच्या फॉर्मवर 55 प्रश्न. पहिले 9 लक्ष न लागण्याचे, पुढचे 9 चुळबुळ आणि उतावळेपणाचे. उत्तर 0 (कधीच नाही) ते 3 (फारच वेळा). 2 किंवा 3 असेल तरच लक्षण धरतात. एका गटातली 6 लक्षणं भरली आणि शेवटच्या भागात अभ्यास किंवा मित्रांशी जमण्यात अडचण दिसली, तर पुढची चौकशी सुरू होते.

मराठी घरांत फॉर्म फसतो तो इथेच. ‘काम पूर्ण करत नाही’ यापुढे आई 0 लिहिते, कारण रोज दोन तास शेजारी बसून ती गृहपाठ करून घेते. शिक्षिका त्याच प्रश्नाला 3 देते. डॉक्टरांना दोन वेगळी मुलं दिसतात! अंक द्या, पण समासात किती मदत लागते तेही लिहा.

निदानाचे निकष डीएसएम-5 चे (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची विकारांची नियमावली), 2013 पासूनचे. लक्षणं किमान 6 महिने हवीत, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी, आणि काही तरी बाराव्या वर्षाआधीची. सतराव्या वर्षापासून पुढे 6 ऐवजी 5 पुरतात. रिपोर्टवर निदानाचा कोड असतो: एफ90.0 म्हणजे मुख्यतः लक्ष न लागणं (जुनं नाव एडीडी), एफ90.1 अतिचंचलता, एफ90.2 दोन्ही. एफ90.0 मधल्या गप्प मुली हमखास सुटतात. त्या कुणाला त्रास देत नाहीत ना.

निदानाआधी कान, डोळे आणि झोप तपासून घ्या. टॉन्सिल वाढून घोरणारं मूल दिवसा असंच वागतं. हाक मारूनही काही सेकंद शून्यात बघत राहत असेल, तर फिट्सची शंका डॉक्टरांना सांगाच. नुकतं भारतातून आलेलं मूल इंग्रजीत चाचपडत असेल, तर महिनाभराच्या ओळखीवर शिक्षकांनी भरलेल्या फॉर्मवर फार विसंबू नये.

आणि ती प्रगतिपुस्तकं. ‘वर्गात बडबड करतो’, ‘वह्या अपूर्ण’ हे तिसरीतले शेरे बाराव्या वर्षाआधीचा लेखी पुरावा ठरतात. मराठीत असतील तर खाली इंग्रजी भाषांतर जोडा.