धर, पाड आणि सोड

सांगलीत रग्बी शिकवतो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ते हेल्मेट घालून खेळतात तेच ना? नाही ओ, ते अमेरिकन फुटबॉल. आपल्यात हेल्मेट नाही, बॉल हातात घेऊन पुढं पळायचं पण हातानं पास द्यायचा तो मागंच, आणि पाडायचं ते फक्त ज्याच्या हातात बॉल आहे त्यालाच. आम्ही सेव्हन्स खेळतो, म्हणजे ७ जण, ७-७ मिनिटांचे दोन हाफ, २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे तोच प्रकार. एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, म्हणजे कबड्डीच की.

आणि खरंच आमची निम्म्याहून जास्त पोरं कबड्डीतनंच आलेली आहेत, दोघं तालमीतली. पहिल्या वर्षी मी खूश होतो, म्हटलं टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं, शिकवायचा त्रासच वाचला, यांच्या अंगातच आहे ते. पण नंतर कळलं की अंगात जे मुरलंय तेच आधी सोडवायला लागतंय.

कबड्डीत कोपऱ्यावर खेळणारा पोरगा मांडी धरायला घुसतो तेव्हा चढाई करणारा बहुतेक वेळा जवळच असतो, वळून मध्यरेषेकडं निघालेला असतो. रग्बीत तोच माणूस वीस-पंचवीस पावलं पळत, फुल स्पीडमध्ये येत असतो. तिथं डोकं त्याच्या गुडघ्यासमोर गेलं तर संपलं. बाजूनं टॅकल करताना डोकं त्याच्या मागच्या बाजूला पाहिजे, गाल त्याच्या कुल्ल्याला घासला पाहिजे, खांदा मांडीवर, दोन्ही हातांचा विळखा, आणि नजर शेवटपर्यंत वर. हे मी लांब उडीच्या खड्ड्यात शिकवतो कारण आमचं ग्राउंड उन्हाळ्यात पाटीसारखं टणक होतं. आधी दोघंही गुडघ्यावर, मग एक चालत, मग हळू पळत. फुल स्पीड दोन महिन्यांनी. पोरं कंटाळतात, म्हणतात सर आता खरं खेळूया की, पण मी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड. कबड्डीत लहानपणापासून एकच कानावर, धरलं की सोडायचं नाही, शिट्टी होईपर्यंत. तालमीतल्यांचं तर विचारूच नका, खाली आणला की ते चितपट करायलाच बघतात. रग्बीत खाली पाडलं की त्याच क्षणी सोडायचं आणि बाजूला व्हायचं, नाहीतर पेनल्टी. आमच्या पहिल्या तीन मॅचमधल्या बहुतेक पेनल्ट्या याच कारणानं गेल्या. म्हणून आता सराव सुरू झाला की सगळे एका सुरात ओरडतात, धर, पाड, सोड. एक गोष्ट मात्र कबड्डीनं आयती दिली, साखळी. डिफेन्सची लाइन एकत्र वर न्यायची, कुणी एकट्यानं पुढं पळायचं नाही, हे शहरातल्या टीमना शिकवायला वर्ष लागत असेल, आमच्या पोरांना एका सकाळी समजलं.

आता जे लिहायला बसलो ते. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेला आम्ही ९ पोरं घेऊन गेलो होतो, त्यातला एक पाय मुरगळून बसलेला. पहिल्या हाफमध्ये आमच्या सगळ्यात चांगल्या पोराचं डोकं समोरच्याच्या मांडीवर आपटलं. उठला, तोंडावर पाणी मारलं, म्हणाला बरा आहे सर. आयोजकांपैकी एकजण म्हणाला, काही नाही होत, मर्दानी खेळ आहे. आणि मी त्याला परत आत पाठवला. दोन पॉइंटनं मागं होतो, दुसरं काही कारण नव्हतं. हाफ संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आपली बाजू कुठली ओ?" त्याचे डोळे माझ्यावर होते पण मला बघत नव्हते. त्याला बाहेर काढला, दवाखान्यात नेला, नशिबानं तो बरा झाला. पण घरी सोडायला गेलो तेव्हा त्याच्या आईनं मला चहा दिला, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तो चहा मला गिळवला नाही.

तेव्हापासून क्लबात नियम आहे. डोक्याला लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी खेळ बंद, मग ६ जणांनी खेळायला लागलं तरी खेळायचं, आणि कमीत कमी २१ दिवस टॅकल नाही, डॉक्टर हो म्हटल्याशिवाय तर नाहीच. नवीन पोराच्या आईवडलांना हे मी आधी सांगतो, खेळाडूंना मिळणारे ग्रेस मार्क आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणाचं नंतर. कारण नुसत्या सर्टिफिकेटसाठी आलेला पोरगा दुखलेलं लपवतो. हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय.

मुलींची बॅच यावर्षी सुरू केली, सहाजणी आहेत. त्यांना २०१९ ची गोष्ट सांगितली, मनिलात भारताच्या बायकांनी सिंगापूरला २१-१९ नं हरवलं, १५ जणींच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि त्यात स्वीटी कुमारी होती जी बिहारमधनं धावपटू म्हणून आली होती. आमच्यातली एक शंभर मीटर पळणारी लगेच म्हणाली, मग मला विंगला, म्हणजे कडेला पळायला, टाका.

मॅच झाली की दोन्ही टीम रांगेत उभ्या राहून एकमेकांना टाळ्या वाजवत बाहेर सोडतात, ही रग्बीची जुनी रीत, आणि पाहुण्या टीमला यजमानांनी खाऊ घालायचं ही पण. आमच्याकडं भडंग आणि चहा असतो. गेल्या महिन्यात तोच पोरगा, आता अकरावीत आहे, मोठं पातेलं घेऊन वाढत होता. त्याच मॅचमध्ये आमच्या एका बारक्याच्या डोक्याला लागलं होतं. मी उठायच्या आधी यानंच हात वर करून त्याला दंडाला धरून बाहेर आणला होता. बारका रडत होता, मला खेळायचंय म्हणून. यानं त्याला शेजारी बसवलं, कागदावर भडंग दिला आणि विचारत बसला, आज वार कुठला, सकाळी काय खाल्लंस, आपली बाजू कुठली.