तुम्ही विचारलंत म्हणून: नागाला, म्हणजे खेळातल्या त्या जादू करणाऱ्या सापाला, हात नाहीत, मग स्पेल (जादूचा मंत्र) कसा टाकतोय?

बेळगावात टिळकवाडीत रविवारी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकून गोष्ट खेळायच्या खेळाचा, अड्डा बसतोय, निम्मी पोरं मराठी, निम्मी कन्नड, भांडताना दोन्ही मिक्स, आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. नवीन कोण आलं की हा प्रश्न ठरलेला, "हातच नाहीत की हो त्याला!"

तर बघा, माणूस विझार्ड (जादूगार) असला की बऱ्याच स्पेलना तीन गोष्टी लागतात, तोंडानं म्हणायचं, हातानं खुणा करायच्या आणि जवळ काहीतरी वस्तू पाहिजे. लाइटनिंग बोल्टला फरचा तुकडा न् काचेची कांडी. स्पिरिट नागा तोच बोल्ट नुसत्या तोंडानं सोडतोय, कारण २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकात, त्याच्या स्पेलकास्टिंगखाली सरळ लिहिलंय की त्याला फक्त व्हर्बल, म्हणजे तोंडानं म्हणायचं तेवढंच, लागतं. प्रत्येक प्राण्याची ही ओळ वेगळी, तेवढी वाचायची. कोआटलचं नागासारखंच, स्फिंक्सला वस्तू लागत नाही, युनिकॉर्न आणि माइंड फ्लेअरला तर काहीच लागत नाही, मनात आलं की झालं. बिहोल्डरच्या डोळ्यांतले किरण मुळात स्पेलच नव्हेत, तिथं काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल) वाया घालवू नका.

मला विचाराल तर नागाच भारी. काहीच न लागणारा प्राणी आणला की पोरं नुसती मार खात बसतात, अडवायचं कुठं तेच कळत नाही. नागाचं तसं नाही, त्याचं तोंड बंद केलं की स्पेल बंद! पहिल्याच राउंडला डॉमिनेट पर्सन टाकून तो तुमचाच फायटर (लढवय्या) तुमच्या अंगावर सोडतोय, मग कुणाला तरी सायलेन्स हा स्पेल आठवतो, वीस फुटाच्या रेडियसमध्ये आवाजच नाही. पण नागा एका टर्नला चाळीस फूट सरपटतोय, गप बाहेर निघून परत चालू, म्हणून त्याला ग्रॅपल करून आतच दाबून धरणारा कोणीतरी पाहिजे. आणि धरणाऱ्याला तो चावतोय, चावायला आवाज कशाला लागतोय, वर सेव्ह (वाचण्यासाठी टाकलेला फासा) चुकला तर विषाचे सात डी-एट, म्हणजे आठ बाजूंचे सात फासे पडतील तेवढी इजा. आमच्यात ह्या कामाला कोण जाणार ह्यावर जेवढा वेळ जातोय तेवढा लढाईला जात नाही.

ह्याच्या पाठोपाठ ड्रुइडवाला (प्राण्याचं रूप घेणारा जादूगार खेळणारा) विचारतोच, मी अस्वल झालो तर मला असं नुसत्या तोंडानं चालतंय काय? नाही बाबा. २०१४ च्या नियमात अठराव्या लेव्हलला बीस्ट स्पेल्स ही ताकद मिळेपर्यंत प्राण्याच्या रूपात स्पेल टाकता येत नाही, आणि मिळाल्यावरही वस्तू लागणारे स्पेल सोडूनच.