आमची वाटचाल : दोन शेडांमधली भिंत

1998 साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ टाकून आम्ही पिना आणि बुश (यंत्रांच्या सांध्यांत बसणारे छोटे धातूचे भाग) तयार करायला सुरुवात केली. आमचे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे होते : वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे मोठे कारखाने आणि ट्रॅक्टर-ट्रक दुरुस्त करणारे गॅरेजवाले. कारखान्यांना उत्पादन शुल्क भरलेले पक्के बिल हवेच असे, कारण त्या शुल्काची वजावट त्यांना पुढे मिळे, म्हणजे स्वतः भरायच्या शुल्कातून तेवढी रक्कम वजा करता येई. गॅरेजवाल्याला वजावट कसलीच नव्हती, त्यामुळे बिल म्हणजे त्याच्या दृष्टीने निव्वळ महागाई. एकाच लेथवर उतरलेली पिन सकाळी पक्क्या बिलाने आणि संध्याकाळी कच्च्या चिठ्ठीवर बाहेर पडे, आणि यात आमच्या सचोटीपेक्षा समोरच्याच्या वजावटीचा हात मोठा होता.

2007 च्या अर्थसंकल्पात लघुउद्योगांची शुल्कमाफीची वार्षिक उलाढालीची मर्यादा 1 कोटीवरून दीड कोटीवर नेली गेली. त्या वेळी शुल्क 16 टक्के होते. मात्र माफी घ्यायची तर ती सगळ्याच मालावर घ्यावी लागे. कारखान्यांना शुल्कासह आणि गॅरेजना शुल्काविना, असे एका फर्मला करता येत नसे. मग आम्ही तेच केले जे आसपासचे अनेक जण करत होते : शेजारची शेड घेऊन पत्नीच्या नावाने दुसरी फर्म काढली. कागदोपत्री सगळे वेगळे होते, पण कॉम्प्रेसर एकच होता आणि त्याचा पाइप मधल्या भिंतीला भोक पाडून पलीकडे नेलेला होता. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने कागद चाळलेच नाहीत. तो त्या भोकापाशी जाऊन उभा राहिला आणि पाइपला हात लावून आमच्याकडे पाहत राहिला. दोन्ही फर्मची उलाढाल एकत्र धरून मागचे सगळे शुल्क वसूल करण्याची तरतूद त्याला ठाऊक होती आणि आम्हालाही. त्या दिवशी पाकीट गेले, आणि ते देताना आम्हाला संतापापेक्षा सुटल्यासारखेच अधिक वाटले, हे आज लिहायला हरकत नाही.

जकातीची, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतल्या जाणाऱ्या कराची, तऱ्हा निराळी होती. नाक्यावर चुकवेगिरी होत असेच, पण आम्ही दिलेली चिरीमिरी बहुतेक वेळा कर वाचवण्यासाठी नव्हती, तर लोखंडाची गाडी रात्रभर रांगेत अडकू नये यासाठी होती. 1 एप्रिल 2013 पासून पिंपरी-चिंचवडमध्ये जकातीऐवजी एलबीटी, म्हणजे व्यापाऱ्याने हिशेबावरून भरायचा स्थानिक संस्था कर, आला, नाके उठले आणि ती चिरीमिरी एका दिवसात थांबली. माणसे तीच होती, फक्त विकायला रांग उरली नव्हती. व्यापाऱ्यांनी मात्र बंद पुकारला, कारण आता हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागणार होत्या.

व्हॅटच्या (विक्रीवरच्या मूल्यवर्धित कराच्या) काळात माल न देता नुसती बिले विकणाऱ्या ‘हवाला’ व्यापाऱ्यांच्या याद्या विक्रीकर विभागाने जाहीर केल्या. विक्रेत्याने तिजोरीत कर भरला नसेल तर खरेदीदाराला वजावट नाही, हे कलम 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही उचलून धरले. दुसऱ्याच्या चोरीचा भुर्दंड आपल्यावर, म्हणून आम्ही तेव्हा चिडलो होतो. अजूनही ते पुरते न्याय्य वाटत नाही. परिणामकारक मात्र आहे.

1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर उत्पादन शुल्कच गेले, तेव्हा दुसऱ्या फर्मचे प्रयोजन संपले आणि आम्ही ती बंद केली. 2022 पासून पुरवठादाराचे बिल ‘टू-बी’मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या यादीत, दिसल्याशिवाय वजावट मिळत नाही, म्हणून आमचा हिशेबनीस कराएवढी रक्कम रोखून धरतो आणि विवरण भरले का, हे विचारायला दर महिन्याला फोन करतो. कर निरीक्षकाचे अर्धे काम असे आमच्या गळ्यात पडले आहे, आणि ते करणाऱ्या हिशेबनिसाचा पगारही आम्हीच देतो.

साखळीचे शेवटचे टोक मात्र तसेच मोकळे आहे. परवाच एका गॅरेजवाल्याने चाळीस बुश घेतले आणि 18 टक्के वाचवण्यासाठी “शेठ, बिल राहू द्या” म्हणाला. आम्ही बिल केले. त्याने पैसे मोजून दिले आणि बिल टेबलावरच सोडून गेला.