ऊसतोड मजुरांच्या तळावर आरोग्य तपासणी : शिरोळ तालुक्यातील भेटीचा वृत्तांत

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीड, परभणी, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यात येतात आणि हंगाम संपेपर्यंत गावाबाहेरच्या रानात कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) घालून राहतात. कोल्हापुरातील काही डॉक्टर, परिचारिका आणि स्वयंसेवक यांचा आमचा गट जानेवारीत शिरोळ तालुक्यातील अशाच एका तळावर तपासणीसाठी गेला होता. पुढील हंगामात जाणाऱ्यांना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते : शिबिराची वेळ डॉक्टरांच्या सोयीने नव्हे, तर फडाच्या, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेताच्या, घड्याळाने ठरली पाहिजे.

टोळी पहाटेच्या अंधारातच फडावर निघते आणि तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रॉली भरेपर्यंत परतत नाही. त्यामुळे सकाळी दहाला मांडलेल्या टेबलापुढे म्हातारी माणसे आणि धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली एवढेच रुग्ण भेटतात. आम्ही संध्याकाळी सहानंतर पोहोचलो. तरीही प्रथम पुरुषच रांगेत आले, कारण बायका आल्या आल्या पाणी भरायला आणि चुलीपुढे गेल्या होत्या. जेवणे उरकल्यावर, रात्री आठनंतर, केवळ स्त्रियांसाठी ताडपत्रीचा आडोसा करून महिला डॉक्टर बसल्या आणि खरी तपासणी तेव्हा सुरू झाली. कोप्यांत वीज नसल्याने चार्जिंगचे दिवे भरपूर न्यावेत. अंधुक उजेडात डोळ्यांच्या पापणीचा फिकेपणाही नीट दिसत नाही.

स्त्रियांच्या तक्रारी कंबरदुखी, अंगावरून जाणे, लघवीची जळजळ आणि थकवा अशा होत्या. मात्र ‘उद्या दवाखान्यात या’ हा सल्ला येथे फार महाग पडतो. नवरा-बायको मिळून मजुरीसाठी एक कोयता (एक जोडी) धरला जातो, टोळी आणणाऱ्या मुकादमाने आगाऊ दिलेली उचल गावाकडेच खर्च झालेली असते आणि कामावर न गेल्यास खाड्याचे पैसे कापले जातात. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्याच्या मुळाशीही ही ओढाताण होती. म्हणून जे उपचार तळावरच होऊ शकतात ते तेथेच पूर्ण करावेत आणि रुग्णालयात पाठवायचे असेल तर मुकादमाशी आपण स्वतः बोलून त्या दिवसाची सवलत मिळवावी.

हिमोग्लोबिन जागेवर मोजण्याचे यंत्र अवश्य बरोबर असावे. स्त्रियांमध्ये 12 ग्रॅमपेक्षा आणि गरोदरपणात 11 ग्रॅमपेक्षा कमी पातळी म्हणजे रक्तक्षय. तो आम्हाला जागोजागी आढळला. लोहाच्या गोळ्या देणे सोपे, परंतु तळावर दिवसभरात अनेकदा चहा होतो आणि चहाबरोबर घेतलेले लोह अंगी लागत नाही. गोळी रात्रीच्या जेवणानंतर, चहापासून दूर आणि शक्य तर लिंबाबरोबर घ्यावी, हे प्रत्येकीला स्वतंत्र समजावावे. गोळीने शौचाला काळे होते हेही आधीच सांगावे, अन्यथा भीतीने गोळ्या बंद होतात.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी दंडाचा घेर मोजण्याची पट्टी पुरेशी ठरते. 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण; अशा मुलाची नोंद त्याच रात्री स्थानिक अंगणवाडी सेविकेकडे आणि आशाताईंकडे पोहोचावी. जुलाबासाठी ओआरएसच्या पुड्यांबरोबर झिंकच्या गोळ्या द्याव्यात आणि पुडी एक लिटर पाण्यात कशी कालवायची ते त्यांच्याच भांड्यात मोजून दाखवावे.

फडात घोणस आणि नाग दोन्ही असतात. दंश झाल्यावर जखम चिरू नये, आवळून बांधू नये, अवयव न हलवता 108 ला फोन करावा, एवढेच पुन्हा पुन्हा सांगावे. रुग्णाला नेण्यासाठी जवळचे शासकीय रुग्णालय आणि त्यानंतर कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) ही नावे मुकादम व ट्रॅक्टरचालक यांना तोंडपाठ असावीत.

जाण्याच्या सोयीबद्दल थोडक्यात : कोल्हापूरहून मिरज मार्गावरील रेल्वेने किंवा एसटीने जयसिंगपूर गाठता येते, पण तळ मुख्य रस्त्यापासून आत असल्याने औषधांसाठी स्वतःचे वाहन हवे आणि रात्री उसाच्या ट्रॉल्यांमुळे परतीचा वेळ दुप्पट धरावा. कारखान्याचे शेती खाते आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या दोघांना आधी कळवावे. कारखान्याला टोळी कोठे उतरली आहे ते ठाऊक असते, आणि आरोग्य केंद्र सोबत असेल तरच आपण गेल्यानंतरही लस व गोळ्या मिळत राहतात. जुने कपडे व बिस्किटे नेण्याचा मोह टाळावा. त्यांच्यासाठी झुंबड उडते आणि तपासणी बाजूला पडते.

सर्वांत अधिक काळजी कागदाची घ्यावी. फड बदलला की टोळी आठवड्यात दुसऱ्या गावी जाते आणि हंगाम संपताच स्वतःच्या जिल्ह्यात परतते. आम्ही प्रत्येकाला निदान, औषध आणि पुढील तपासणीची तारीख मराठीत लिहिलेले जाड कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात दिले. गरोदर स्त्रियांच्या माता-बाल संरक्षण कार्डावर त्याच रात्री नोंदी केल्या आणि त्यांच्या संमतीने मूळ गावच्या आशाताईंना दूरध्वनीवरून कळवले. मार्चच्या प्रारंभी, टोळ्या परतण्यापूर्वी, त्याच तळावर दुसरी फेरी ठेवावी आणि परतीच्या प्रवासातही पुरतील इतक्या गोळ्या तेव्हा द्याव्यात.