गोळी सोडा आणि नववी ब

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर तीनदा मेसेज आला, पण खरं सांगू, शाळा म्हटलं की मला आधी आठवते ती गोळी सोड्याची बाटली. १९९५, आम्ही नववी ब, आणि खानापुरातला पाऊस असा की पत्र्यावरच्या आवाजात सरांचं निम्मं ऐकूच यायचं नाही. सायन्सच्या सरांनी पानपट्टीवरनं चुना आणून रात्रभर निवळी करून ठेवलेली, माझ्या हातात पपईच्या पानाचा देठ दिला आणि म्हणाले फुंक. निवळी दुधासारखी झाली, आम्ही खूश. मग त्यांनी स्टँडवरनं आणलेल्या बाटलीतली गोळी आत दाबली, फस्स! "हाच कार्बन डायऑक्साइड गॅस तुमच्या रक्तात हाय, मग रक्त का फसफसत नाही?"

सगळे गप्प.

पोर्शन बाजूला ठेवून सर त्या दिवशी लोंढा जंक्शनच्या उदाहरणावर गेले. म्हणाले, रक्त म्हणजे गाडी, कार्बन डायऑक्साइड म्हणजे पॅसेंजर, फुप्फुस म्हणजे स्टेशन. गाडी समजा एक सेकंदसुद्धा थांबत नाही, रक्त फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत तेवढंच असतं, तेवढ्यात पॅसेंजर उतरले पाहिजेत. आणि साधारण ७० टक्के कार्बन डायऑक्साइड गॅस म्हणून बसलेलाच नसतो, पाण्याशी जुळून बायकार्बोनेट होऊन आलेला असतो, म्हणून रक्त फसफसत नाही, पण त्याचा परत गॅस व्हायला एरवी कितीतरी सेकंद जातील. म्हणून तिथं हमाल लागतो, कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, एकेक रेणू सेकंदाला १० लाखांपर्यंत पॅसेंजर हलवतो, शरीरात चढवतो पण तोच, फुप्फुसात उतरवतो पण तोच. "हमालाचा शर्ट तांबडा, हा राहतो ती पेशी पण तांबडी," असं म्हणून स्वतःच हसले. (ते विकर १९३३ साली सापडलं आणि त्याच्या पोटात जस्त असतं, हे मी फार नंतर वाचलं.)

परवा लेहला गेलेलो, उंचीचा त्रास नको म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅसिटाझोलामाइड दिलेली. संध्याकाळी सोडा मागवला तर नुसतं पाणी, झणकाच नाही, मी हॉटेलवाल्यावर तापलो, त्याने बिचाऱ्याने दुसरी फोडली, बुडबुडे दिसतायत पण चव तीच मचूळ. बरोबरचा डॉक्टर मित्र हसायला लागला, म्हणे त्या उंचीच्या औषधाने तुझं कार्बोनिक अनहायड्रेज बंद केलंय, ते जिभेवर पण असतं, सोड्याची आंबट चव त्याच्यामुळेच लागते.

म्हणजे हमाल संपावर!

हॉटेलवाल्याला सॉरी म्हटलं आणि दोन्ही बाटल्यांचे पैसे दिले.