आमची वाटचाल : जुनी पिस्तुले आणि त्यांच्या स्प्रिंगा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचा लेथचा कारखाना होता, आणि बारा बोअरच्या बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना मिळाल्यावर त्याच लेथशेजारी आमची पेढी उभी राहिली. पिस्तुलांचे काम मागाहून आले. १९८०च्या दशकात परदेशी शस्त्रांची खासगी आयात बंद झाल्यावर ज्या घरांत जुने कोल्ट, वेब्ली किंवा वाल्थर बनावटीचे पिस्तूल होते, त्यांना ते जपण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आमच्या धंद्याला वळण लागले ते त्यामुळेच.

आमच्याकडे येणारी बहुतेक पिस्तुले .३२ बोअरची, म्हणजे ७.६५ मिमीची असतात. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांचे हे काडतूस १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्याच्या पिस्तुलासोबत बाजारात आले. त्याचा दाब बेताचा असल्यामुळे नळी आणि स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) बार उडताना एकमेकींत अडकवून ठेवावी लागत नाहीत. स्लाइडचे वजन आणि रिकॉइल स्प्रिंगचा, म्हणजे स्लाइडला पुन्हा पुढे आणणाऱ्या स्प्रिंगचा, ताण एवढ्यावरच सारे काम भागते. ही स्प्रिंग कोठे बसवावी, याचे उत्तर मात्र सगळ्या कारखान्यांनी एकच दिले नाही. १९०३च्या कोल्टमध्ये ती नळीच्या खाली असते आणि घोडा (हॅमर) स्लाइडच्या आत झाकलेला असतो. १९१०च्या ब्राउनिंगमध्ये आणि १९२९च्या वाल्थर पीपीमध्ये ती नळीभोवती गुंडाळलेली असते. लंडनच्या पोलिसांनी १९११ पासून वापरलेल्या वेब्लीत तर ती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची असून मुठीच्या उजव्या बाजूच्या पट्टीखाली, म्हणजे ग्रिपखाली, दडलेली असते, त्यामुळे ग्रिप न काढता केलेली तिची तपासणी ही तपासणीच नव्हे.

स्प्रिंग थकली की स्लाइड दर बाराला फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यावर, जोरात आदळते, आणि कालांतराने पोलादाला बारीक तडे जाऊ लागतात. म्हणून आम्ही स्प्रिंग आधी बदलतो आणि भिंगाखाली फ्रेम नंतर पाहतो. त्याखालोखाल तक्रार असते ती मॅगझिनची, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीची. या काडतुसाच्या बुडाची कड त्याच्या नळकांड्यापेक्षा किंचित रुंद असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही अडकून बसतात, आणि मालक दोष पिस्तुलाला देतो! मॅगझिनचे वाकलेले ओठही (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) असाच घोटाळा करतात. जुन्या दारूगोळ्याच्या कॅपमधील क्षार नळीत राहिले, तर ते हवेतील ओल शोषतात आणि नळीला आतून खड्डे पडतात. नुसत्या तेलाने ते क्षार निघत नाहीत; आधी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच तेलाचा हात द्यावा लागतो. कोकणातून येणाऱ्या पिस्तुलांत आणखी एक खूण हमखास दिसते, ती म्हणजे पावसाळाभर चामड्याच्या म्यानात ठेवल्याने एकाच बाजूला चढलेला गंज.

गिऱ्हाइकाला मात्र बहुधा चकाकी हवी असते. पॉलिश करून नवे ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, चढवण्याचे काम आम्ही बंद केले, तेव्हा काही ग्राहक दुसरीकडे गेले. तरी त्या निर्णयाचे मला वाईट वाटत नाही, कारण पॉलिशमध्ये कडा गोल होतात, कारखान्याचे शिक्के पुसट होतात, आणि पिस्तुलावर कोरलेल्या क्रमांकाला धक्का लागला तर प्रकरण कायद्याच्या कचाट्यात जाते. झिजलेले पण मूळचे ब्लूइंग पाहून आनंदणारे संग्राहक पुढे आमच्याकडे वळले, हेही खरे.

आमच्या कामाचा हंगाम निवडणुकांनंतर येतो. आचारसंहितेच्या काळात जमा केलेली शस्त्रे परत मिळाली की वर्षानुवर्षे न उघडलेली पिस्तुले परवान्यासह आमच्या टेबलावर येतात. परवान्यावरील क्रमांक जुळल्याशिवाय आम्ही स्क्रूला हात लावत नाही. शस्त्र कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागल्यापासून तर कोणते ठेवावे, हा सल्लाही आमच्याकडे मागितला जातो. अशा वेळी आम्ही पिस्तुले उघडून मालकासमोर ठेवतो, आणि ज्याची फ्रेम शाबूत आहे व ज्याचे मॅगझिन मूळचे आहे, ते ठेवण्यास सांगतो. यांतील अनेक जुन्या रचनांत पिस्तूल खाली पडल्यास फायरिंग पिन (काडतुसाच्या कॅपवर आघात करणारी सुई) रोखणारी व्यवस्था नाही, त्यामुळे चेंबर, म्हणजे नळीतील काडतुसाची जागा, रिकामेच ठेवावे, ही सूचना आम्ही प्रत्येक पावतीवर छापतो.