इकेबुकुरो: मुलींनी घडवलेली ॲनिमेनगरी

टोकियोत ॲनिमेसाठी, म्हणजे जपानी ॲनिमेशनसाठी, कुठे जायचं, हे कुणालाही विचारा, उत्तर येतं अकिहाबारा. तिथे आम्ही गेलो, ते बघण्यासारखं आहेच. पण मला सांगायचं आहे ते इकेबुकुरोबद्दल. या भल्यामोठ्या स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडायचं, गर्दीच्या रस्त्याने सरळ चालत राहायचं. साठ मजली सनशाइन ६० समोर आली की तिच्या पश्चिमेला, रस्त्यापलीकडे, दुकानांची एक लहानशी ओळ लागते. तिचं नाव ओतोमे रोड. मुलींचा रस्ता. अकिहाबारात गिऱ्हाईक बहुतेक पुरुष. इथे जिन्यात, रांगेत, काउंटरच्या दोन्ही बाजूंना बायकाच. शाळेच्या गणवेशातल्या, ऑफिसची बॅग खांद्याला लावलेल्या, माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्याही.

बरोबर माझी भाची होती. ती पुण्यात जपानी शिकते आणि रात्र रात्र चित्रं काढत बसते. तिच्यामुळेच मी इथवर आले.

सुरुवात आम्ही ॲनिमेटच्या मुख्य दुकानापासून केली. या साखळीचं पहिलं दुकान १९८३ साली इकेबुकुरोतच उघडलं. आताची मोठी इमारत २०२३ मध्ये वाढवलेली आहे, तळघरापासून नवव्या मजल्यापर्यंत. पुस्तकं आणि सीडी असतातच, पण खरी झुंबड बिल्ल्यांपाशी होती. हे बिल्ले बंद पाकिटात मिळतात. आत कोणतं पात्र निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. आपल्या लाडक्या पात्राला इथे ‘ओशी’ म्हणतात. ती ओशी मिळेपर्यंत पाकिटं घेत राहिलं, की नको असलेल्या बिल्ल्यांचा ढीग साठतो.

त्या ढिगाचं काय होतं, ते समोरच्या नाका-इकेबुकुरो बागेत दिसलं. माझ्यासाठी अख्ख्या सहलीतली सर्वांत सुंदर जागा ही. कठड्यांवर, पायऱ्यांवर मुली बसलेल्या, मांडीवर फाइल उघडी, प्रत्येक बिल्ला वेगळ्या प्लास्टिकच्या कप्प्यात. मोबाइलच्या पडद्यावर दोन याद्या: देण्याचे आणि हवे असलेले. अनोळखी मुली एकमेकींपाशी येतात, वाकून नमस्कार करतात, बिल्ला उजेडात धरून ओरखडा नाही ना ते बघतात आणि अदलाबदल करतात. लहानपणी आम्ही पोस्टाची तिकिटं अशीच बदलायचो, पण इतक्या अदबीने नव्हे. एकीच्या बॅगेला पारदर्शक खिडकी होती आणि आत एकाच पात्राचे तेच ते बिल्ले ओळीने लावलेले, कडेला त्या पात्राच्या रंगाची झालर. मी बघते आहे हे लक्षात येताच तिने बॅग माझ्याकडे वळवून धरली.

“मावशी, फोटो काढू का असं आधी विचारायचं हं,” भाची पुटपुटली. मी विचारलं. मुलीने हसून मान डोलावली आणि स्वतःचा चेहरा बॅगेमागे लपवला.

या बागेमागे एक गोष्ट आहे, ती कळल्यावर मी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहिलं. इकेबुकुरो हा तोशिमा या प्रभागाचा भाग. २०१४ मध्ये एका अभ्यासगटाने लोकसंख्या घटून लोप पावण्याचा धोका असलेल्या जपानी गावाशहरांची यादी काढली. टोकियोच्या २३ प्रभागांपैकी तिच्यात एकट्या तोशिमाचं नाव होतं. निकष होता वीस ते एकोणचाळीस वयाच्या स्त्रियांची संख्या पुढे किती घटेल हा. म्हणजे रोज हजारो तरुण मुली जिथे हौसेने येतात, तिथे त्या राहायला थांबत नव्हत्या. तेव्हाचे प्रभागप्रमुख होते ताकानो युकिओ. राजकारणात येण्याआधी त्यांचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. प्रभागाने तरुण स्त्रियांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं, बागा नव्या केल्या, आणि कला-संस्कृतीचं शहर अशी ओळख ठरवून तिच्यासाठी पैसा घातला. २०१४ पासूनच हॅलोविनच्या सुमारास इथे कॉस्प्लेचा, म्हणजे आवडत्या पात्रांसारखा वेश करण्याचा, मोठा उत्सव भरतो. बागेला लागून हारेझा हा नाट्यगृहांचा समूह उभा राहिला. मुलींचं वेड म्हणून जे हसण्यावारी नेलं जातं, त्याला एका सरकारी कार्यालयाने भविष्य मानलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कॉस्प्लेच्या दिवसांत सनशाइनशेजारची हिगाशी-इकेबुकुरो मध्यवर्ती बागही गजबजते. तिच्या एका कोपऱ्यात एक दगड आहे, त्यावर चिरंतन शांततेची प्रार्थना कोरलेली आहे. सनशाइन ६० उभी आहे ती सुगामो तुरुंगाच्या जागेवर. युद्धगुन्ह्यांसाठी दोषी ठरलेले माजी पंतप्रधान तोजो आणि आणखी सहा जण २३ डिसेंबर १९४८ रोजी तिथे फासावर गेले. तुरुंग पाडून १९७८ साली इमारत पुरी झाली. दगडापाशी ताजी फुलं होती.

ओतोमे रोडवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला तो मांदाराकेच्या तळघरातल्या दुकानात. इथे मिळतात दोजिन्शी, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढून, स्वतःच्या खर्चाने छापलेली पुस्तकं. पातळ, हाताला गुळगुळीत, प्रत्येक पारदर्शक पिशवीत बंद. भाची एकेका पुस्तकाची पाठ वाचत तासभर उकिडवी बसून होती. या पुस्तकांचा सर्वांत मोठा बाजार म्हणजे कोमिके. तो पहिल्यांदा भरला २१ डिसेंबर १९७५ रोजी, ३२ गटांचा आणि सुमारे ७०० लोकांचा. आलेल्यांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या, शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीच्या जपानी चित्रकथा, वाचणाऱ्या. ॲनिमेचा चाहता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटा मुलगा येतो, पण इतिहासात या मुली पहिल्यापासून आहेत.

स्वॉलोटेल या बटलर कॅफेचं आरक्षण आधीच केलं होतं. २००६ पासून तो याच रस्त्यावर तळघरात चालतो. दार उघडताच कोटातले गृहस्थ वाकून “आपण घरी परतलात” असं म्हणतात, पर्स हातातून घेतात, खुर्ची सरकवतात. चहा ते स्वतः ओततात. किटलीला हात लावायचा नाही, घंटी वाजवायची. शेजारच्या टेबलावर दोन आज्जीबाई होत्या, नीट नेसलेल्या किमोनोत. दिवसभर दुसऱ्यांना चहा देणाऱ्या बाईला इथे ऐंशी मिनिटं कुणी उठू देत नाही. तिथला चहा महाग आहे आणि मी तो पुन्हा पिईन.

दुसऱ्या दिवशी सेइबू लाइनने एकच स्टेशन पुढे शिइनामाचीला उतरलो आणि पंधराएक मिनिटं चालत तोकिवासो संग्रहालयात पोहोचलो. मूळ तोकिवासो ही १९५२ सालची दुमजली लाकडी चाळच, जिथे तरुण मांगाकार राहायचे. ती १९८२ मध्ये पाडली, २०२० मध्ये हुबेहूब उभारली, अगदी करकरणाऱ्या जिन्यासकट. वरच्या मजल्यावर साधारण ८० चौरस फुटांच्या खोल्या, सामायिक स्वयंपाकघर. १४ नंबरची खोली सोडताना नामवंत मांगाकार तेझुका ओसामूंनी ती फुजिको फुजिओ या मांगाकार जोडीला दिली, आणि अनामतही तशीच राहू दिली. यांच्यातल्याच एकाने पुढे डोरेमॉन काढला, जो हिंदी बोलत आपल्या घराघरांत आला. भाचीने पहिलं चित्र त्याचंच गिरवलं होतं.

पण ती रेंगाळली मांगाकार मिझुनो हिदेकोंच्या माहितीपाशी. शिमोनोसेकीत मासेमारीच्या जाळ्यांच्या कारखान्यात काम करणारी ही मुलगी १९५८ साली, अठराव्या वर्षी, या पुरुषांच्या चाळीत राहायला आली. चाळीतलेच मांगाकार इशिनोमोरी आणि आकात्सुका यांच्याबरोबर एका सामायिक टोपणनावाने तिने कथा काढल्या आणि पुढे शोजो मांगाची वाट रुंद केली. भाचीने वही काढून जमिनीवरच बैठक मारली आणि खोलीची खिडकी काढायला घेतली.

जाणार असाल तर सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. बागेसाठी रविवारची दुपार उत्तम. दुकानांत फोटो काढू नका, आणि पाकिटं फोडायची असतील तर बागेत जाऊन फोडा, तिथे बदलून घ्यायला कुणी ना कुणी भेटतंच.